एक्झिक्युटर भावाला हिशोब विचारता येत नाही म्हणे!

“मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून, म्हणजे त्याची अंमलबजावणी करायला, नेमलेल्या भावाला हिशोब विचारायचा नसतो. मृत्युपत्र दाखवणं ही त्याची मर्जी. नॉमिनी तोच मालक. कर्त्याला (एकत्र कुटुंबाचा कारभार बघणाऱ्याला) कोर्टही विचारत नाही.” हा फॉरवर्ड मावशीपर्यंत पोचला आणि तिने एक्झिक्युटर असलेल्या मामाला हिशोब मागायला लिहिलेलं पत्र बाजूला ठेवून दिलं. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी हिशोबाचं. भारतीय उत्तराधिकार कायदा 1925, कलम 317 वाचा. प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) मिळाल्यापासून सहा महिन्यांत एक्झिक्युटरने मालमत्ता, येणी आणि देणी यांची यादी कोर्टात द्यायची, वर्षाच्या आत जमाखर्च. मुदत कोर्टच वाढवू शकतं, भाऊ नाही. जाणूनबुजून खोटी यादी दिली तर खोट्या पुराव्याचा गुन्हा लागतो. प्रोबेट अर्जाचा नंबर घेऊन त्या कोर्टात नकलेसाठी अर्ज करा. यादी दाखलच नसेल तर ती मागवण्याचा अर्जही तिथेच द्या, कारण कोर्ट स्वतःहून मागे लागत नाही. आणि मुदत मृत्यूपासून नव्हे, प्रोबेटपासून मोजतात; गफलत होते ती इथेच.

पत्रात “सगळा हिशोब द्या” लिहू नका, “दिला की” असं उत्तर येतं. मृत्यूच्या तारखेची प्रत्येक खात्यातली शिल्लक, एफडी, लॉकर, डिमॅट, तेव्हापासून आलेलं भाडं, फेडलेली कर्जं, खर्चाच्या पावत्या असं एकेक मागा. स्पीड पोस्टने पाठवा, पोच जपून ठेवा.

मृत्युपत्र कपाटात दडवायचं, हा तर कहर. ते नोंदणीकृत असेल तर नोंदणी कायद्याच्या कलम 57 प्रमाणे करणारा हयात असेपर्यंत नक्कल त्यालाच मिळते, तो गेल्यावर अर्ज करील त्या कुणालाही. मृत्यूचा दाखला घेऊन, जिथे नोंदणी झाली त्या दुय्यम निबंधकाकडे जा. भावाच्या किल्लीवाचून काही अडत नाही. नोंदणीच नसेल तर मात्र हा रस्ता बंद.

नॉमिनी मालक? शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही नॉमिनीमुळे वारसांचा हक्क जात नाही, असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये शक्ती येझदानी निकालात सांगितलं. विम्यात 2015 पासून आई-वडील, जोडीदार, मुलं नॉमिनी असतील तर नियम वेगळा.

कर्त्याचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. वाटणीच्या वेळी त्याला जुन्या घरखर्चाचा पै-पैचा हिशोब सहसा द्यावा लागत नाही. अफरातफर दिसली तर लागतो. पण एक्झिक्युटर म्हणजे कर्ता नव्हे, फॉरवर्डवाल्याने दोघांची खिचडी केली आहे. मालमत्ता खासगी ट्रस्टमध्ये असेल तर 1882 च्या ट्रस्ट कायद्याने लाभार्थ्याला ट्रस्टडीड, हिशोब आणि व्हाउचर बघता येतात, प्रतीही घेता येतात.