दोन गुणांची इस्टेट

एम.ए.च्या चार सत्रांत मिळून 1600 पैकी मला 882 गुण पडले. हा आकडा ऐकून कोणी पेढे मागत नाही आणि कोणी सांत्वनालाही येत नाही, त्यामुळे तो इतकी वर्षे ट्रंकेत सुखाने पडून होता. पीएच.डी.ला अर्ज करायचे मनात आले तेव्हा मात्र त्याची फोड मी प्रथमच बारकाईने केली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीप्रमाणे माझ्यासारख्या खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला पदव्युत्तर परीक्षेत किमान 55 टक्के लागतात, आणि 1600 चे 55 टक्के म्हणजे बरोबर 880. माझी एकंदर विद्वत्ता, हिशेब करून पाहिली असता, दोन गुणांची निघाली.

हे दोन गुणसुद्धा सरळ मार्गाने आलेले नाहीत. दुसऱ्या सत्रात संख्याशास्त्राच्या पेपरात माझ्यावर घोर अन्याय झाला असल्याची माझी खात्री होती, म्हणून मी पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरला आणि किमान बारा गुण वाढतील असे घरी जाहीर करून टाकले. महिनाभराने दोन वाढले. "त्या पैशात किलोभर मटण आलं असतं," असे बाबा म्हणाले. कोल्हापुरात कोणत्याही खर्चाचे अंतिम मोजमाप याच एककात होत असल्याने मला प्रतिवाद करता आला नाही, आणि पुढे कितीतरी रविवारी तांबड्या रश्श्याची वाटी पुढे सरकवताना त्यांनी त्या दोन गुणांची विचारपूस केली.

माझा संशोधनाचा विषय कोल्हापुरी गुळाचा व्यापार हा आहे. त्यानिमित्ताने मामांच्या गुऱ्हाळावर गेलो असता, काहिलीवर, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईवर, नजर ठेवून बसलेल्या मामांना मी पात्रतेचा नियम समजावून सांगितला. तरुणपणी खासबागेच्या मातीत उतरलेले मामा म्हणाले, "कुस्तीत वजन जरा जास्त भरलं की गडी बाहेर. तुमच्यात कमी भरलं की बाहेर, व्हय?" मी होय म्हणालो. "मग दोन गुण म्हंजे किती किलो?" यावर मात्र आयोगाने काही म्हटलेले नाही.

दुसरी पायरी नेटची, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेची. 2024 पासून या परीक्षेच्या निकालात तीन वर्ग असतात. पहिल्यातल्यांना संशोधनवृत्ती, सहायक प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएच.डी. प्रवेश असे सगळेच मिळते; दुसऱ्यातल्यांची वृत्ती गळते; तिसऱ्यातल्यांच्या हाती केवळ प्रवेशाचा अर्ज करण्याची मुभा उरते, तीही एक वर्षापुरती. मी कोणत्या वर्गात आलो हे चाणाक्ष वाचकांनी ओळखले असेलच. लग्नपत्रिकेवर 'फक्त मांडवापर्यंत' असे लिहून यावे, तसा तो निकाल मला वाटला. तरी आईने देवापुढे साखर ठेवली.

गंमत अशी की, नियमाने पाहिले तर इथून पुढे एम.ए.च्या गुणांना काही काम उरत नाही. गुणवत्ता यादीत नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के भार असतो. आयोग दारात एकदाच विचारतो आणि गप्प बसतो. गप्प बसत नाहीत ती माणसे. रंकाळ्यावर फिरायला गेलो की ओळखीचे लोक पीएच.डी.चे कौतुक करतात, दहा पावले सोबत चालतात आणि मग हळूच विचारतात, "एम.ए.ला किती पडले होते?" मार्गदर्शक शोधायला निघालो तेव्हाही हेच झाले. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे 'जागा नाही' हे उत्तर पुष्कळदा खरेच असते. एका सरांनी मात्र माझा गुणांचा आकडा ऐकण्यापूर्वी एक जागा रिकामी असल्याचे सांगितले होते आणि ऐकल्यानंतर ती भरली, हेही नमूद करून ठेवतो.

अखेरीस एका मॅडमनी टक्केवारी न विचारता, रस काहिलीतून कधी उतरवायचा हे गुळव्याला कसे कळते, असे विचारले. चिमूटभर पाक गार पाण्यात टाकून त्याची गोळी वळून पाहतात, हे मी इतक्या तावातावाने सांगितले की त्यांनी होकार देऊन टाकला.

राहिला अर्ज. त्यात टक्केवारीसाठी दशांश चिन्हानंतर दोनच घरे होती आणि माझी टक्केवारी 55.125. शेवटचा पाच सोडून .12 लिहावे तर स्वतःचेच नुकसान, आणि .13 लिहावे तर फसवणुकीचा आळ यायचा, या विवंचनेत मी राजारामपुरीतल्या झेरॉक्सच्या दुकानात अर्धा तास घालवला. शेवटी मागच्या ग्राहकांची रांग पाहून दुकानदारानेच .13 टाकले आणि वर म्हणाला, "भावा, एवढ्यानं कुणाचं काय जात न्हाई."

कागदपत्रांच्या पडताळणीला निघताना फाइल बाबांनी स्वतः लावून दिली. तपासणाऱ्या बाईंनी गुणपत्रके पाहिली, नेटचा निकाल पाहिला आणि सर्वांत खाली, प्लास्टिकच्या पिशवीत जपून घातलेली, कडा पिवळ्या पडलेली पुनर्मूल्यांकनाची पावती त्यांच्या हाती लागली.

"ही कशाला जोडली आहे?" त्यांनी विचारले. "ही लागत नाही."

"असू द्या मॅडम," मी म्हणालो. "वडिलोपार्जित आहे."