‘रिकामटेकड्या बायकांचे चोचले’: एका प्रतिक्रियेला उत्तर

घरात सुगंधी तेलं कशी वापरावीत यावर लिहिलेल्या लेखाखाली ‘एक वाचक’ अशा नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको, म्हणून आधी ती पूर्ण देते:

“बाई, लेख कमालीचा एकांगी. निलगिरी हुंगून सर्दी बरी होत नाही, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं एवढंच. घरात तान्हं बाळ, दमेकरी, मांजर असेल तर काय, यावर अवाक्षर नाही. हे परदेशी फॅड म्हणजे फ्लॅटमधल्या रिकामटेकड्या बायकांचे चोचले आहेत. आमच्या आजीला असल्या बाटल्या लागल्या नाहीत.”

नमस्कार, एक वाचक.

मतभेद असू शकतात, असावेतही. पण मतभेद मांडताना समोरच्याच्या वेळेचा हिशेब आपण होऊन मांडायची गरज नसते. मी रिकामटेकडी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? माझी सगळी नोकरी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली. बी.एस्सी.च्या मुलांना लवंगेचं तेल काढायचं प्रॅक्टिकल असायचं, त्याची मांडणी माझ्याकडे. ठेचलेल्या लवंगा गोल बुडाच्या चंबूत, खाली बर्नर, शेजारी कंडेन्सर, म्हणजे नळाच्या पाण्याने वाफ थंड करणारी नळी. नळाला पाणी पुरेसं नसलं की सगळं अडायचं. मग दुसऱ्या टोकाला थेंब पडायला लागायचे ते दुधासारखे पांढुरके, आणि थोड्या वेळाने तळाशी तेलाचे पिवळसर मणी जमायचे. तळाशी, कारण लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड. निलगिरीचं तरंगतं. एवढ्या लवंगांतून एवढंसंच तेल, म्हणून मुलं हिरमुसायची आणि आमच्या मजल्यावरून जाणारा प्रत्येक जण “आज बिर्याणी का?” विचारायचा. हे चोचले असतील तर त्यासाठी मला पगार मिळत होता, आणि पावणेआठच्या आत मस्टरवर सही करावी लागत होती.

त्या मण्यांमधला मुख्य घटक युजेनॉल. दातात तात्पुरतं सिमेंट भरतात त्यात झिंक ऑक्साइडबरोबर तोच असतो. दातांच्या दवाखान्यात शिरल्या शिरल्या जो वास येतो, तो बराचसा त्याचा. तिथे खुर्चीवर बसल्यावर तुम्ही डॉक्टरांनाही चोचले म्हणता का?

‘परदेशी फॅड’बद्दल. निलगिरीचं झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं. निलगिरी डोंगरात ते इंग्रजांनी 1843च्या सुमारास आणून लावलं आणि पुढे उटीकडे त्याच्या तेलाचा धंदाच उभा राहिला. म्हणजे परदेशी म्हणायचं तर ती हिरव्या झाकणाची बाटलीही परदेशीच, आणि ती आपल्याकडे घरोघरी होती. तुमच्या आजीकडे नव्हती? बरं, नसेल. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून पोरांची छाती शेकत असतील ना? ओव्यात थायमॉल असतं, तेही उडणारं तेलच, फक्त बाटलीत न भरता फडक्यात बांधलेलं. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकत असतील. कापूर तर देवघरात होताच. आजीला पुढे करून नातीला गप्प करायची ही पद्धत फार जुनी आहे, आणि मला तिचा कंटाळा आलेला आहे.

पैशाचं म्हणत असाल, तर गुलाबाचं अस्सल तेल घ्या असं मी कुणालाच सांगितलेलं नाही. 1 किलो तेलाला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात, ते माझ्याही आवाक्याबाहेरचं आहे. डिफ्यूझरसुद्धा, म्हणजे वास खोलीभर पसरवणारं यंत्रसुद्धा, लागत नाही. गरम पाण्याची वाटी पुरते, हे लेखात पहिल्याच परिच्छेदात आहे. तुम्ही तिथवर वाचलं होतं ना?

आता थोडं घरचं सांगते, कारण त्याशिवाय तुम्हाला पटणार नाही. सासूबाई शेवटच्या आजारपणात अंथरुणाला खिळून होत्या. अशा खोलीला एक वास येतो. ज्यांनी घरी माणूस सांभाळलंय त्यांना तो सांगावा लागत नाही, आणि ज्यांनी सांभाळलं नाही ते प्रतिक्रिया लिहितात. फिनेलने तो जात नाही, फक्त दोन वास होतात. मी खिडकीत गरम पाण्याच्या वाटीत गवती चहाच्या तेलाचे दोन-तीन थेंब टाकायला लागले. त्यांना त्याने बरं वाटेल अशी माझी समजूत नव्हती, डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले होते. पण दारातूनच “कशा आहेत?” विचारून वळणारी माणसं खुर्ची ओढून बसायला लागली. त्यांची धाकटी बहीण तर तासन् तास बसायची, दोघी गवती चहाच्या वासावरून माहेरच्या परड्यातल्या गोष्टी काढायच्या. याला तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

सर्दी बरी होते असं मी लिहिलेलंच नाही. ‘आराम पडतो’ असं लिहिलंय. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, असं तुम्ही म्हणता. सर्दीने तोंडाने श्वास घेणाऱ्या माणसाला रात्री दोन वाजता आणखी काय हवं असतं? आणि वासाने काहीच होत नाही असा सूर लावण्याआधी हे ऐका: जर्मनीत ड्रेस्डेनला वासावर संशोधन करणारे डॉक्टर थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये वास गेलेल्या लोकांना गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ 12 आठवडे हुंगायला दिले. त्यातल्या काहींची वास ओळखण्याची क्षमता सुधारली. कोरोनानंतर हाच व्यायाम नाक-कान-घशाचे डॉक्टर सांगत होते. माझ्या भाच्यालाही सांगितला होता. तो काही फ्लॅटमधली बाई नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करते, कारण मी कोत्या मनाची नाही. छातीला निलगिरी चोळण्याबद्दल लिहिताना ‘खोबरेलात मिसळून’ हे शब्द पुढच्या ओळीत गेले आहेत, ते त्याच ओळीत आले असते तर बरं झालं असतं. 30 मिली खोबरेलात पाच-सहा थेंब, त्याहून जास्त नको. ओळ दुरुस्त केली आहे. तुम्ही नेमकी हीच चूक दाखवली नव्हतीत, ही गोष्ट वेगळी.

राहिलं बाळ आणि मांजर. तान्ह्या बाळाच्या नाकाशी निलगिरी, पुदिना, कापूर यातलं काहीही न्यायचं नाही. बाटली मुलांच्या हाती लागू द्यायची नाही, पोटात गेली तर आकडी येऊ शकते. हे मला सगळ्यांना ठाऊक असेल असं वाटलं, आपल्या वाचकांवर माझा तेवढा विश्वास आहे. मांजर माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी टी ट्रीचं तेल घरात आणूच नये, मांजराच्या यकृताला असली तेलं पचत नाहीत. झालं? एका लेखात जगातल्या सगळ्या प्राण्यांची सोय लावायची तर लेखाचा पशुवैद्यकीय दवाखाना होईल.

दमेकऱ्यांना कुठल्याही तीव्र वासाने त्रास होऊ शकतो. उदबत्तीनेही होतो, फोडणीनेही होतो. तुमच्या घरी कुणी दमेकरी असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारा. मी “वापरू नका” म्हटलं, तरी तुम्ही ते एकांगी आहे असंच म्हणणार.