‘निवृत्त जनरलला विचारतो कोण?’ विचारतात की!

आमच्या सकाळी फिरणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: निवृत्त जनरलला दिल्लीत कुणी विचारत नाही, समित्या म्हणजे पेन्शनरांची सोय, लष्करातल्या सुधारणांवरचा शेकटकर समितीचा अहवाल धूळ खात पडलाय, तेव्हा संरक्षणाचा सगळा कारभार माजी जनरलांच्याच हाती द्या. काल सिद्धेश्वर तलावाच्या काठावर एका काकांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. तिथं मी गप्प बसलो, घरी आल्यावर राहवेना.

कुणी विचारत नाही? अनिल चौहान मे 2021 मध्ये पूर्व विभागाचे कमांडर म्हणून निवृत्त झाले. मग राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या सचिवालयात लष्करी सल्लागार, आणि सप्टेंबर 2022 मध्ये थेट सीडीएस, म्हणजे संरक्षण दलांचे प्रमुख! पेन्शन सुरू झालेल्या माणसाच्या अंगावर पुन्हा वर्दी चढली. कारगिलनंतर नेमलेल्या चौघांच्या सुब्रह्मण्यम समितीतले लेफ्टनंट जनरल हजारीही निवृत्तच होते.

आता शेकटकर. लेफ्टनंट जनरल दत्तात्रय शेकटकर, आपला मराठी माणूस. तेव्हाचे संरक्षणमंत्री पर्रीकर यांनी 2016 मध्ये समिती नेमली, त्याच डिसेंबरात अहवाल हातात. पुढच्या ऑगस्टमध्ये 65 शिफारशी मंजूर झाल्या. सैनिक आणि नागरी कर्मचारी मिळून सुमारे 57 हजार जणांची फेरमांडणी ठरली. आकडे रुक्ष वाटत असतील तर दुधाचं बघा. लष्कर 1889 पासून स्वतःची जनावरं पाळून जवानांना दूध पुरवत होतं. तेव्हा ते गरजेचंच होतं. आज पहाटे पाचला आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानापुढं पिशव्यांचे क्रेट एकावर एक रचलेले असतात. मग वैरण-शेणाचा खर्च लष्करानं का करायचा? समितीनं सांगितलं, 39 मिलिटरी फार्म बंद करा. 31 मार्च 2021 ला ते रीतसर बंद झाले, गायी इतर सरकारी खात्यांकडे आणि सहकारी डेअऱ्यांकडे गेल्या. 132 वर्षांचा गोठा उठवणारा अहवाल धूळ खातोय म्हणायचं?

सगळंच ऐकलं गेलं असं नाही. संरक्षणखर्च जीडीपीच्या अडीच ते तीन टक्के ठेवा, असंही समितीनं सुचवलं होतं. 2025-26 ची तरतूद 6.81 लाख कोटींची, तरी दोन टक्क्यांच्या आतच. पण तो सल्ला होता, हुकूम नव्हे.

‘सगळा कारभार द्या’ यावर सोलापूरकरानं तरी जपून बोलावं. मे 1930 मध्ये इथं मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागला होता. ते परक्यांचं लष्कर होतं, तुलना ताणत नाही. पण त्यानंतर फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज जाणाऱ्यांनी असलं काही डोळे झाकून पुढं ढकलू नये.

तक्रारच करायची तर उशिरा विचारल्याची करा. कोल्हापूरकडच्या वडगावचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात पूर्व विभागाचे प्रमुख होते. 1960 मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ सराव घेऊन, चीन चालून आला तर नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, काय होईल, हे त्यांनी मांडून दाखवलं. ते बासनात गेलं. 1961 मध्ये थोरात निवृत्त झाले. 1962 च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय संरक्षण परिषद नेमली, तिच्यावर त्यांना घेतलं. तोवर नेफातलं तवांग चीनच्या हाती गेलं होतं.