ग्राउंड जोडू नका म्हणे!

गेले काही दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक संदेश माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला आणि त्याने तो शब्दशः पाळला. संदेश असा: सर्व्हो मोटर (सांगितलेल्या कोनात वळून थांबणाऱ्या मोटर) कितीही असोत, त्या आर्डुइनोच्या (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या नियंत्रक बोर्डाच्या) 5 व्होल्ट पिनवर जोडा आणि बोर्डाला 9 व्होल्टची बॅटरी लावा, मोटर थरथरल्या तर 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (थोडा वीजभार साठवणारा भाग) टाका, जास्त अँपिअरच्या अडॅप्टरने मोटर जळते, आणि वेगळा सप्लाय घेतलाच, तर त्याचे ग्राउंड (ऋण टोक, ज्याच्या तुलनेत व्होल्ट मोजतात) आर्डुइनोच्या ग्राउंडला चुकूनही जोडू नका, बोर्ड जळेल. परिणाम असा की, त्याचा सहा मोटरांचा यांत्रिक हात काही उचलायला गेला की बोर्डावरचा छोटा दिवा लुकलुके, बोर्ड नव्याने सुरू होई आणि सगळे सांधे एकदम मधल्या स्थितीकडे उसळत.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण पोराचे दोन दिवस त्यातच गेले. मोटरच्या नारिंगी सिग्नल वायरवरून दर 20 मिलिसेकंदांनी येणाऱ्या, साधारण 1 ते 2 मिलिसेकंद रुंदीच्या स्पंदावरून सर्व्होला कोन कळतो, आणि तो स्पंद मोटर स्वतःच्या ग्राउंडच्या तुलनेतच मोजते. दोन सप्लायची ग्राउंड एकमेकांना जोडलेलीच नसतील, तर मोजणार कशावरून? मोटर मग भरकटते किंवा ढिम्म बसते. आर्डुइनोच्या सर्व्हो लायब्ररीच्या अधिकृत माहितीतच लिहिले आहे की, एकदोनपेक्षा जास्त मोटर असतील तर बहुधा वेगळा सप्लाय लागेल आणि त्याचे ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडला जोडावे. जपायचे असते ते दोन सप्लायच्या लाल, म्हणजे धन वायरी एकत्र होऊ न देण्याला. संदेशकर्त्याने बहुधा नेमकी उलटी वायर लक्षात ठेवली.

बॅटरीचे तर विचारूच नका. एमजी996आर ही मोटर 6 व्होल्टवर अडकली की अडीच अँपिअरपर्यंत करंट ओढते, आणि थांबलेल्या अवस्थेतून निघतानाही क्षणभर त्याच्या आसपास जाते. भाच्याच्या यांत्रिक हातातल्या सहा मोटरांपैकी चार अशा आहेत. ती चौकोनी बॅटरी मल्टिमीटरसारख्या अल्पाहारी उपकरणांसाठी असते; शिवाय ऊनो (भाच्याचा आर्डुइनो) बोर्डावरचा, 9 चे 5 व्होल्ट करणारा रेग्युलेटर वरचे 4 व्होल्ट नुसते उष्णतेत घालवतो, म्हणजे अर्ध्या अँपिअरलाच 2 वॅट. आम्ही मोजले तेव्हा हात हलताना 5 व्होल्टचे 4 च्याही खाली गेले होते, आणि मल्टिमीटर संथ असल्यामुळे खरी घसरण त्याहून मोठी असणार.

कपॅसिटरचा सल्ला पूर्ण खोटा नाही, हे नाइलाजाने मान्य करतो. मोटरांजवळ, टोके नीट पाहून लावला तर क्षणिक झटके तो सोसतो. पण 2 अँपिअरचा तुटवडा असेल, तर 1000 मायक्रोफॅरडवरचा 1 व्होल्ट अर्ध्या मिलिसेकंदात संपतो आणि मोटरची धाव त्याच्या कितीतरी पट चालते. अडॅप्टरच्या अँपिअरबद्दल एवढेच, की मोटर लागेल तितकाच करंट घेते. तिला जाळतात ते चुकीचे व्होल्ट.

आम्ही पुण्याच्या तपकीर गल्लीतून 5 व्होल्ट, 10 अँपिअरचा सप्लाय आणला आणि ग्राउंड जोडले. तरीही मनगटाची मोटर थरथरत होती. सप्लायच्या टोकाशी 5 व्होल्ट होते, मोटरच्या प्लगपाशी मात्र हालचालीत 4.3, मधले व्होल्ट ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खोचायची भोकांची पट्टी) आणि बारीक जंपर (जोड) वायरी खात होत्या. लाल आणि तपकिरी (ग्राउंडच्या) वायरी जाड घेऊन थेट सप्लायपासून ओढल्या, ब्रेडबोर्डवर फक्त नारिंगी ठेवल्या, तेव्हा हात खोडरबर घेऊन स्थिर राहिला.