बोनेटला चुंबक चिकटेना

काल माझ्या गाडीची किंमत एका गणपतीने पन्नास हजारांनी पाडली. फ्रिजवर लावायचा गणपती, मागे चुंबक. जुन्या गाड्यांच्या एजंटच्या खिशातून निघाला.

मोठी आलिशान एसयूव्ही, डिझेल, पुणे पासिंग, एकहाती, पाच वर्षं पुरी होत आलेली, विकायला काढलेली. एवढी प्रस्तावना पुरे. एजंटने ॲक्टिव्हा स्टँडवर लावली, गाडीआधी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि गणपती बोनेटवर टेकवला. गणपती घसरून खाली. त्याने उचलून कपाळाला लावला, शर्टाला पुसला, परत टेकवला. परत खाली.

"साहेब, अख्खं बोनेट लांबीने भरलंय."

पोचे बुजवायला थापतात ती लांबी. तिचा जाड थर असला की चुंबक धरत नाही. साध्या पत्र्याच्या गाडीवर ही परीक्षा चोख आहे, मी नाकारत नाही.

"अहो, बोनेट ॲल्युमिनियमचं आहे. त्याला चुंबक चिकटणारच नाही."

"ॲल्युमिनियमचं पातेलं असतं साहेब."

"वजन कमी व्हावं म्हणून कंपनीच तसं—"

"नव्वद लाख घेऊन लोखंडपण नाही घातलं?" त्याने वहीत एक आकडा खोडला.

मग त्याला ऑइलची काडी हवी झाली. हल्लीच्या कित्येक महागड्या इंजिनांना काडीच नसते. खाली सेन्सर असतो, तो पातळी स्क्रीनवर दाखवतो, तेही इंजिन तापलेलं आणि गाडी सपाट जागी असेल तर. आमच्या पार्किंगला उतार. स्क्रीनने मोजमाप देण्यास नम्र नकार दिला. एजंट आमच्या वॉचमनकडे संशयाने बघू लागला. काडी त्यानेच लांबवली असावी असा एकंदर रोख.

पुढे डिकी. "स्टेपनी?"

"नाही. रनफ्लॅट टायर आहेत. हवा गेली तरी 80 च्या वेगाने 80 किलोमीटर जाता येतं."

"आणि एक्क्याऐंशीव्या किलोमीटरला?"

याचं उत्तर ब्रोशरमध्ये नाही. उत्तर आहे क्रेन. हवा नसताना पळवलेल्या रनफ्लॅटची बाजूची भिंत आतून जळते आणि बाहेरून धडधाकट दिसते, म्हणून शहाणा पंक्चरवाला त्याला हात लावत नाही. वीस इंची नवा टायर चाळीस हजारांच्या घरात. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर एकटा नवा टायर घालणंही बरं नाही, कारण झिजलेल्या आणि नव्या टायरच्या घेरातला फरक ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, सोसत बसते. म्हणजे एका खिळ्यापायी निदान दोन टायर. हे सगळं मी त्याला का सांगत होतो, देव जाणे. तो वॉचमनला मोठ्याने हिशेब देत होता : "लोखंड नाही, काडी नाही, स्टेपनी नाही. मग गाडीत आहे काय?"

वॉचमन हसला. हे हसणं मला अजून झोंबतंय.

खरं तर रंग तपासायला गेज मिळतं, लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही ओळखणारं. कंपनीचा रंग साधारण 80 ते 150 मायक्रॉन भरतो, दुसऱ्यांदा मारलेला 200 च्या वर, आणि 500 च्या पुढे आकडा गेला की लांबी आहे असं खुशाल समजावं. बोनेट आणि फेंडरच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा बघाव्यात. टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं : 1421 म्हणजे 2021 चा चौदावा आठवडा. गणपतीला या कामाला जुंपायची गरज नाही.

मात्र माणूस मूर्ख नव्हता, आणि हेच जास्त चीड आणणारं. "गाडी रात्रीपासून हलवू नका," असं त्याने फोनवर आधीच बजावलं होतं. त्याने चारही चाकांवर टायर आणि मडगार्डमधलं अंतर वितीने मोजलं. मागच्या डाव्या कोपऱ्याला दोन बोटं कमी. "फुगा गळतोय." बरोबर होतं. एअर सस्पेन्शनच्या रबरी फुग्याला घडीवर चिरा पडतात, रात्रभरात तो कोपरा बसतो, सकाळी कॉम्प्रेसर उपसून उपसून गाडी उचलतो आणि शेवटी स्वतः जळतो. म्हणून नुसता कॉम्प्रेसर बदलून भागत नाही. फुगा आणि रिले (कॉम्प्रेसर चालूबंद करणारा विजेचा स्विच) जुनेच ठेवले तर नवाही त्याच वाटेने जातो.

डीपीएफचंही, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचंही, त्याने विचारलं. "ऑफिसला किती लांब जाता?" सहा किलोमीटर म्हटल्यावर दुःखाने मान हलवली. फिल्टरमधली काजळी जाळायला एक्झॉस्ट 600 अंशांच्या आसपास तापावा लागतो आणि त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं सलग पळावं लागतं. सिंहगड रोडवर असा योग नाही. काजळी जाळणं अर्धवट सुटत राहिलं की त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी चढते. जी बघायला काडी नाही.

शेवटी तीस लाखांचा आकडा आला. गाडी ऑन-रोड नव्वदला पडली होती. आता या नव्वदमध्ये गाडी किती होती ते बघा. शोरूमची किंमत 75 लाख. त्यात तेव्हाचा 28 टक्के जीएसटी आणि 22 टक्के सेस. म्हणजे मूळ गाडी 50 लाखांची, 25 लाख कर. या कर लावलेल्या किमतीवर पुन्हा महाराष्ट्राचा रोड टॅक्स, वीस लाखांवरच्या डिझेलला 15 टक्के : सव्वाअकरा लाख. उरलेले विमा आणि किरकोळ. एक टक्का टीसीएस (आगाऊ प्राप्तिकर) कापतात, तो निदान रिटर्नमध्ये मिळतो. जुनी गाडी घेणारा यातल्या करांचे पैसे कशाला देईल? त्याच्या लेखी गाडी पहिल्या दिवशीही पन्नासचीच होती.

त्यात 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी आणि सेस मिळून सपाट 40 टक्के झाले. मूळ 50 वर आता कर 20. हीच गाडी शोरूममध्ये 70 ला, रोड टॅक्समध्येही पाऊण लाख कमी. वर्तमानपत्रात पेढे वाटल्याची बातमी. आमची गाडी पार्किंगमध्ये नुसती उभी राहून आणखी उतरली, आणि आम्ही भरलेला जादा कर परत द्यावा असं एकाही मंत्रिमहोदयांना सुचलं नाही.

विमा कंपनीचं गणित आणखी न्यारं. चार ते पाच वर्षांच्या गाडीवर 50 टक्के घसारा धरून आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) काढतात, म्हणजे शोरूमचे नवे 70 लाख धरले तरी गाडी चोरीला गेली तर पस्तीस लाख. एजंट तीस देतोय. चोर जास्त देतो. बंपर फुटला तर प्लॅस्टिकवर सरसकट 50 टक्के कापतात, झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) घेतलं नसेल तर. काचेवर काही कापत नाहीत. फुटायचंच असेल तर काच फुटावी.

"माझी ॲक्टिव्हा साठला घेतली, नऊ वर्षांनी तीसला जाते," एजंट किक मारता मारता म्हणाला. "निम्मी. आणि हिला स्टेपनी नाही हे घेतानाच माहीत होतं." फॉर्च्युनर असती तर दारात रांग लागली असती, हेही ऐकवून गेला. खरं आहे ते. तिचा भाव टिकतो तो चेअरमन-सरपंचांमुळे नव्हे. तिचं काम तालुक्याच्या गावातला मिस्त्रीही करतो आणि पुढच्या बिलाचा अंदाज येतो. आमच्या गाडीचा गिऱ्हाईक आधी पुढचं बिल मोजतो आणि उरेल ती किंमत सांगतो.

तरी कोणी देणारच असेल, तर चावी देण्याआधी मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर दोघांच्या सह्या घ्या. कर्ज होतं तर फॉर्म 35 देऊन बोजा उतरवा. एनसीबी, म्हणजे विम्याचा क्लेम न केल्याचा बोनस, माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. विमा कंपनीकडून पत्र घ्या, नव्या गाडीच्या विम्यात स्वतःच्या नुकसानीच्या (ओन डॅमेज) हप्त्यावर 50 टक्क्यांपर्यंत सूट लागते. फास्टॅग स्वतः बंद करा, नाहीतर नव्या मालकाचा खेड शिवापूरचा टोल तुमच्या खात्यातून जाईल. आणि आरसी नावावर झाली का ते एजंटच्या शब्दावर न सोडता परिवहनच्या साइटवर बघा. नसेल झाली, तर एक्स्प्रेसवेवरच्या नव्या मालकाच्या ओव्हरस्पीडचं ई-चलान तुमच्या मोबाइलवर येतं, फोटोसकट. फोटोत गाडी झकास दिसते.