फ्लॅट टॅपेटवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ॲम्बेसेडरचं जुनं १४८९ सीसी इंजिन उघडलंच आहे तर मूळ पद्धतीचा फ्लॅट टॅपेट कॅमच बसवा, असं मी लिहिलं होतं. (कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा, लोब म्हणजे त्याच्यावरचा उंचवटा आणि टॅपेट म्हणजे लोबवर टेकून वर-खाली होणारा तुकडा. तळ जवळजवळ सपाट तो फ्लॅट, तळाला चाक असलेला तो रोलर.) त्यावर आपण लिहिलंत, ‘फ्लॅट टॅपेट झिजतातच. रोलर सोडून दुसरा सल्ला देणं म्हणजे लोकांचे पैसे बुडवणं. बेळगावच्या गॅरेजवाल्यांकडून आणखी काय अपेक्षा करणार!’

शेवटचं वाक्य नसतं तर हे उत्तर चार ओळींत आटोपलं असतं. मुद्द्यावर बोला की, गावाला कशाला मध्ये आणता? माझे वडील बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे साचे करणारे कारागीर होते. साच्यात चिल (ओतलेलं लोखंड झटकन थंड करणारा धातूचा तुकडा) बसवून कॅमचा लोब कडक कसा ओततात, हे मी शाळेत असताना त्यांच्याकडून शिकलो. लोखंड कसं झिजतं ते मला या सुरात कुणी सांगू नये.

रोलरमध्ये घर्षण कमी, हे मान्य. पण ‘झिजतातच’? दोन नवे टॅपेट तळाला तळ लावून धरून बघा, किंचित डुलतात. तळ अगदी थोडा फुगीर असतो आणि लोब थोडा उतरता घासलेला असतो, म्हणून टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो आणि एकाच जागी घासत नाही. फिरायचा थांबला की लोब गेलाच. म्हणून मी जुळणी करताना प्रत्येक टॅपेटवर मार्करची रेघ मारतो आणि इंजिन हाताने फिरवतो. रेघ जागची हलली नाही तर तो टॅपेट बाहेर.

नवा कॅम पहिल्यांदा सुरू केला की आयडलवर सोडायचा नाही. २००० आरपीएमच्या वर २० ते ३० मिनिटं चालवायचा, कारण लोबला तेल मिळतं ते मुख्यतः क्रँकने, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याने, उडवलेलं. तेलाचंही तसंच. २००४ च्या एपीआय एसएम या इंजिन तेलाच्या अमेरिकन दर्जापासून पातळ ग्रेडच्या तेलात फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. लोबला वाचवणारं जस्त-फॉस्फरसचं संयुग त्यामुळे घटलं. असलं तेल ओतायचं आणि मग कॅमला शिव्या द्यायच्या, हा कुठला न्याय?

रोलर बसवायचा तर नुसते टॅपेट बदलून भागत नाही. कॅम वेगळा लागतो, पुशरॉडची (टॅपेटचा धक्का वर पोचवणाऱ्या दांड्याची) लांबी बदलते, रोलर तिरका होऊ नये म्हणून त्याला धरून ठेवणारी व्यवस्था लागते. त्या जुन्या ब्लॉकला हे सगळं बनवून कोण देणार? आणि खानापूरच्या बाजाराला जाणाऱ्या गाडीला ते हवंय कशाला?

मायलेज आणि पॉवरबद्दल आपण जे लिहिलंय, त्यात मी पडत नाही. ज्याच्या इंजिनात कंपनीनेच रोलर दिलाय त्याने तो काढावा, असं मी कधीच म्हटलेलं नाही. पुन्हा जरूर लिहा, पण टॅपेटबद्दल लिहा. गावाचा उद्धार केलात तर ती प्रतिक्रिया मी छापणार नाही.