ईदच्या सुट्ट्यांचं अर्धवट गणित

ईद जवळ आली की एक संदेश दरवर्षी ग्रुपवर फिरतो. शब्द बदलतात, दावे तेच. केंद्र सरकारच्या यादीत मुस्लिमांच्या चार सुट्ट्या, हिंदूंच्या दोनच. चंद्र दिसेपर्यंत देशाचं काम ठप्प. आणि मुंबईत तर ईदची सुट्टी सरकार त्यांच्या मर्जीप्रमाणे पुढे ढकलतं.

आधी चार विरुद्ध दोन. आकडा खोटा नाही. केंद्रीय कार्यालयांच्या 14 सक्तीच्या सुट्ट्यांत रमजान ईद, बकरी ईद, मोहरम आणि ईद-ए-मिलाद आहेत, तर हिंदू सणांपैकी दसरा आणि दिवाळी. ईद-ए-मिलादची सुट्टी विश्वनाथ प्रताप सिंहांनी 1990 साली लाल किल्ल्यावरून जाहीर केली, आणि त्यात मतांचा हिशेब नव्हता असं मी म्हणणार नाही. पण केंद्राच्या सुट्ट्यांच्या त्याच आदेशात खाली आणखी 3 सुट्ट्या आहेत. होळी, जन्माष्टमी, रामनवमी, महाशिवरात्र, गणेश चतुर्थी, मकरसंक्रांत, ओणम, पोंगल अशा 12 सणांच्या यादीतून त्या निवडायच्या. या यादीत मुस्लिम सण एकही नाही. अशी सोय का, ते उघड आहे. आपल्याला गणपती हवा, केरळला ओणम, ओडिशाला रथयात्रा. सगळ्यांना एकच यादी लावली तर प्रत्येक राज्य भांडत उठेल. संदेश बनवणाऱ्याने वरचा परिच्छेद घेतला आणि खालचा कापला.

शिवाय आपल्या शाळा, तहसील, बँका चालतात त्या राज्याच्या यादीवर. 2025 च्या महाराष्ट्राच्या यादीत मुस्लिम सण चारच. हिंदू सण मोजा: महाशिवरात्र, होळी, गुढीपाडवा, रामनवमी, गणेश चतुर्थी, दसरा, वर दिवाळीचे दोन दिवस. त्या वर्षी बकरी ईद शनिवारी आली आणि मोहरम रविवारी, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यात काम करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याच्या पदरात त्या दोन्हींतून काहीच पडलं नाही.

काम ठप्प होतं म्हणणाऱ्यांनी त्याच वर्षीची रमजान ईद आठवावी. ती आली सोमवारी, 31 मार्चला, आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवशी. रिझर्व्ह बँकेने सरकारी व्यवहार करणाऱ्या बँकांना शाखा उघड्या ठेवायला सांगितलं, आणि आयकर कार्यालयं 29 ते 31 मार्च सलग सुरू राहिली. 30 तारखेला, रविवारी, गुढीपाडवा होता. आयकरातल्या बाबूंचा पाडवाही गेला आणि ईदही. चंद्राचं म्हणाल तर हिजरी वर्ष आपल्या कॅलेंडरच्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं, आणि तारीख आयत्या वेळी बदलू शकते, हे सुट्ट्यांचा आदेश काढणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून त्यातच लिहिलेलं असतं की आकाशवाणी, टीव्ही किंवा वर्तमानपत्रातून बदल कळला की कार्यालयप्रमुखाने लेखी आदेशाची वाट बघत बसू नये.

आता मुंबई. सुट्टी हलते, हे खरं. 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आली. सुट्टी 29 ला दिली. 2024 मध्ये ईद 16 ला, विसर्जन 17 ला. मुंबईची सुट्टी 18 ला गेली. 2025 मध्ये 5 सप्टेंबरची सुट्टी मुंबई शहर आणि उपनगरांपुरती 8 ला नेली, बाकी जिल्ह्यांत 5 तारीखच राहिली. तिन्ही वेळा कारण एकच: लालबाग-गिरगावच्या विसर्जन मिरवणुका आणि भायखळ्याच्या खिलाफत हाउसपासून निघणारा जुलूस यांचा बंदोबस्त त्याच पोलिसांना करावा लागतो. जुलूस नंतर काढायचं मुस्लिम संघटनांनीच ठरवलं आणि सुट्टी त्यामागून सरकली. गणपतीला वाट मिळावी म्हणून ईदची मिरवणूक थांबली, आणि संदेशात त्यालाच मर्जी सांभाळणं म्हटलंय! तक्रार करायचीच तर बदल सुट्टीच्या अगदी तोंडावर जाहीर होतो, याची करा. शाळांची, बँकांची, दवाखान्याच्या वेळा घेतलेल्या लोकांची त्यात खरोखर फरफट होते. पंचांग आणि हिजरी कॅलेंडर दोन्ही वर्षभर आधी छापून येतात. दोन सण जवळ येणार हे मंत्रालयाला जानेवारीतच दिसू शकतं.

राहिला खासगी नोकरदार. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात सणांच्या पगारी सुट्ट्या 8 आहेत. त्यातल्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी आपसात ठरवायच्या. त्या चारांत ईदही आपोआप येत नाही आणि दिवाळीही.